पानात किती, अंगी किती



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांच्याकडे नुसता आकडा लिहून भागत नसे. उत्तर बरोबर असलं तरी एकक लिहिलं नसेल तर अर्धा गुण जायचा, असं त्यांच्या विद्यार्थिनी अजून सांगतात. आजचा विषय आहे कच्च्या खायच्या हिरव्या पानांचा, हल्लीच्या भाषेत सॅलडच्या पाल्याचा. या विषयात आकड्यांचा सुकाळ आहे, आणि अर्धा गुण कापावा अशा जागाही भरपूर आहेत.

त्यातली सगळ्यात गाजलेली जागा आधी घेते. २०१४ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकात जेनिफर डी नोया या संशोधक बाईंनी ४७ फळं-भाज्यांची पारख करून एक यादी मांडली. १७ पोषकद्रव्यं धरून गुण दिले होते. वॉटरक्रेस नावाचा, वाहत्या पाण्यात वाढणारा मोहरीच्या कुळातला पाला १०० गुण घेऊन पहिला आला. पालकाला ८६, सुट्या पानांच्या लेट्यूसला ७१, रोमेन लेट्यूसला ६३. ज्याच्या नावाने तेव्हा सगळीकडे उदोउदो चालला होता त्या केलला ४९, रॉकेट नावाच्या तिखट पानाला ३८ आणि बर्गरमध्ये असतो त्या आइसबर्गला १८. जगभरच्या वर्तमानपत्रांनी निकाल छापला. एकक मात्र फार थोड्यांनी छापलं. हे गुण १०० ग्रॅममागे नव्हते, १०० कॅलरींमागे होते.

वॉटरक्रेसच्या १०० ग्रॅममध्ये ११ कॅलरी असतात. म्हणजे १०० कॅलरी मिळवायच्या तर जवळजवळ ९०० ग्रॅम पाला खायला हवा. एवढा पाला माणूस खात नाही, म्हैस खाते. डी नोया बाईंच्या पद्धतीला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. ज्या देशात लोक गरजेपेक्षा जास्त खातात, तिथे कमी कॅलरीत जास्त पोषण कुठे मिळतं हा प्रश्न योग्यच आहे. पण जिच्या ताटात मुळात दोन भाकऱ्यांची वानवा आहे, तिच्यासाठी हे एकक काही कामाचं नाही. तीच यादी आपल्याकडे जशीच्या तशी आहारतक्त्यांत लावली जाते, तेव्हा मला विज्ञानाच्या बाईंचा अर्धा गुण आठवतो.

मग १०० ग्रॅममागे बघू. आइसबर्ग आणि रोमेन ही दोन्ही लेट्यूसच. एकाच जातीची वनस्पती, फक्त वाण वेगळे. पण अमेरिकन कृषी खात्याच्या कोष्टकांत आइसबर्गच्या १०० ग्रॅममध्ये बीटा-कॅरोटिन सुमारे ३०० मायक्रोग्रॅम आहे आणि रोमेनमध्ये ५,२०० च्या आसपास. सतरा पट! फोलेट हे जीवनसत्त्व २९ विरुद्ध १३६ मायक्रोग्रॅम. 'के' जीवनसत्त्व २४ विरुद्ध १०२ मायक्रोग्रॅम. पाणी दोन्हींत ९५ टक्क्यांच्या आगेमागे. मातीत, पाण्यात, खतात फरक नसतानाही हे अंतर पडतं, कारण फरक उजेडाचा आहे.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून इथे थोडी थांबते. पान कशासाठी हिरवं असतं? सूर्यप्रकाश पकडण्यासाठी. ते काम हरितद्रव्य करतं, आणि त्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. पण ऊन जास्त झालं तर हीच यंत्रणा स्वतःला जाळून घेईल. म्हणून तिच्या शेजारी कॅरोटिनॉइड द्रव्यं असतात, ती जादा ऊर्जा झेलतात. बीटा-कॅरोटिन त्यातलंच. आपलं शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवतं. त्याच यंत्रणेत इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारा एक दुवा आहे, फायलोक्विनोन नावाचा. ते झालं आपलं 'के' जीवनसत्त्व, ज्याच्यामुळे रक्त गोठतं. झाडाने यातलं काहीच आपल्यासाठी केलेलं नाही. ते आपली यंत्रसामग्री उभारतं आणि आपण ती खातो. तेव्हा जिथे उजेड पोचलाच नाही तिथे यंत्रसामग्री कशाला असेल? आइसबर्गचा गड्डा बंद असतो, आतली पानं जन्मभर अंधारात राहतात, म्हणून ती फिकी. कोबीचंही तेच. आपण गड्ड्यावरची गडद पानं सोलून टाकतो आणि आतला पांढरा भाग पचडीला घेतो. वरचं अगदी किडकं, मळकं पान टाकावंच लागतं, पण त्याच्या खालची दोन टाकू नका.

आइसबर्ग मोठा झाला तो पोषणामुळे नाही, प्रवासामुळे. बर्पी या अमेरिकन बियाणे कंपनीने १८९४ मध्ये हा वाण बाजारात आणला, आणि पुढे कॅलिफोर्नियातून बर्फ भरलेले रेल्वेचे डबे देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागले. नाजूक पानं वाटेत लोळागोळा होत, हा गड्डा टिकायचा. आपल्याकडे हॉटेलांना तोच का लागतो याचं उत्तरही तेच. खाऊ नका असं मी सांगत नाही. कुरकुरीतपणासाठी जरूर खा. फक्त बर्गरमधल्या पानाला 'मुलाने आज पालेभाजी खाल्ली' असं धरू नका.

तर गडद रंग म्हणजे 'अ' आणि 'के' जास्त, ही खूण बाजारात उभ्या उभ्या वापरता येते. पण ती तिथेच संपते. कॅल्शियम आणि लोह यांच्याबद्दल रंग काही सांगत नाही, उलट फसवतो. पालक घ्या. रंग गडद, कोष्टकातलं कॅल्शियमही वाईट नाही. पण पालकात ऑक्झलेट इतकं असतं की ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शरीरात शिरू देत नाही. हीनी, वीव्हर आणि रेकर यांनी १९८८ मध्ये मोजलं तेव्हा दुधातल्या कॅल्शियमपैकी २७ टक्क्यांवर अंगी लागलं आणि पालकातल्यापैकी ५ टक्के. दोन वर्षांनी हीनी आणि वीव्हर यांनी केल तपासला. त्यातलं कॅल्शियम ४० टक्क्यांच्या घरात शोषलं गेलं, त्याच प्रयोगातल्या दुधापेक्षाही जास्त. केल कोबीच्या कुळातला आहे. या कुळात, म्हणजे मोहरीचा पाला, मुळ्याचा पाला, नवलकोलाची पानं यांच्यात, ऑक्झलेट कमी असतं. मंडईत मुळा घेताना भाजीवाल्या मावशी विचारतात, "पाला मोडून देऊ का?" आणि आपण मान डोलावतो. बहुतेक वेळा तिथे चांगला भाग मागे ठेवून आपण घरी येतो.

त्याच पाल्याचा तिखट झणका कच्च्यातच का असतो, तेही जाता जाता सांगते. पान चावलं की पेशी फुटतात, आतापर्यंत वेगळं ठेवलेलं एक विकर बाहेर येतं आणि गंधकयुक्त तिखट द्रव्य तयार होतं. कढईत ते विकर मरतं, म्हणून शिजवलेला पाला सौम्य लागतो. रॉकेटचा तिखटपणा हाच.

लोहाची गोष्ट वेगळी आहे. पालकातल्या लोहाबद्दल एक किस्सा तुम्ही ऐकला असेल: एका जर्मन शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकलं, लोह दहा पट दिसलं आणि म्हणून चित्रमालिकेतला पोपाय पालक खाऊ लागला. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखाने तो सर्वदूर नेला. २०१० मध्ये माइक सटन यांनी मागोवा घेतला तर दशांशचिन्हाच्या चुकीला पुरावाच सापडेना. शिवाय १९३२ च्या चित्रमालिकेत पोपाय स्वतः सांगतो की तो पालक 'अ' जीवनसत्त्वासाठी खातो. चूक दाखवणारी गोष्टच चुकीची निघाली आणि अजूनही ती मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. मला या प्रकरणाची गंमत वाटते, आणि थोडी धास्तीही.

खरा हिशेब असा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे पालकाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असतं, मेथीत ५.७ च्या आसपास. कच्च्या मेथीची एक वाटी, दाबून भरली तरी, ३० ग्रॅमच्या फार पुढे जात नाही. म्हणजे लोह मिळालं पावणेदोन मिलिग्रॅमच्या आत. बाईची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. आणि वनस्पतींतल्या लोहाचा थोडाच अंश शोषला जातो. लिंबू पिळलं तर तो वाढतो, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका, ५४ टक्के, रक्तक्षयी निघाल्या. त्यांना 'पालेभाजी खा' एवढंच सांगून आपण मोकळे होतो, याचा मला राग येतो. पालेभाजी खावीच, पण हा खड्डा तिने भरत नाही.

'अ' जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर कोष्टकाची फजितीच झाली. पश्चिम जावामध्ये अंगावर पाजणाऱ्या मातांना काही आठवडे रोज गडद हिरव्या पालेभाज्या परतून दिल्या, दुसऱ्या गटाला बीटा-कॅरोटिन मिसळलेली बिस्किटं. डी पी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल छापला: बिस्किटवाल्यांच्या रक्तातलं 'अ' जीवनसत्त्व सुधारलं, भाजीवाल्यांचं नाही. पानातलं कॅरोटिन पेशींच्या भिंतींत आणि प्रथिनांत जखडलेलं असतं, ते सुटं होऊन स्निग्धात विरघळलं तरच आतड्यातून पुढे जातं. या आणि अशा कामानंतर २००१ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने हिशेबच बदलला. आधी ६ भाग कॅरोटिनपासून १ भाग 'अ' धरत, आता अन्नातल्या १२ भागांपासून १ भाग धरतात. पानं तीच राहिली, कोष्टकातला आकडा एका रात्रीत निम्मा झाला.

स्निग्धाचं म्हणाल तर २००४ चा एक छोटासा प्रयोग आहे, माणसं फक्त सात. ब्राउन, व्हाइट आणि सहकाऱ्यांनी त्यांना पालक, रोमेन, गाजर आणि टोमॅटोचं सॅलड दिलं. एकदा बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर, एकदा ६ ग्रॅम तेलाच्या आणि एकदा २८ ग्रॅमच्या. बिनतेलाच्या वेळी रक्तात कॅरोटिन जवळपास उतरलंच नाही. ६ ग्रॅमने उतरलं, २८ ने आणखी जास्त. वजन उतरवण्यासाठी दुपारी डबाभर कोरा पाला खाणाऱ्या माझ्या तरुण मैत्रिणींना मी हा प्रयोग सांगते. त्यांच्या चेहऱ्यावरून तो त्यांना आवडत नाही असं दिसतं.

आता आपल्या खानदेशात या. घोळाणा कुणाला सांगायला नको. कोवळी मेथी किंवा करडई निवडायची, धुवायची, बारीक चिरायची. वर कांदा, मीठ, तिखट, दाण्याचा कूट आणि कच्चं शेंगदाणा तेल. हाताने जरा चुरायचं आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायचं. कांद्याच्या पातीचाही करतात. मराठवाड्यातही तो आहे. मोजून बघा: चमचाभर तेल, वर दोन चमचे कूट, म्हणजे स्निग्ध ९-१० ग्रॅमपर्यंत सहज जातं. चिरणं आणि मीठ लावून चुरणं यांनी पेशी फुटतात, कॅरोटिन सुटं होतं. पोषणाच्या दृष्टीने ही पाककृती बिनतेलाच्या आइसबर्गच्या वाडग्यापेक्षा कितीतरी सरस आहे, हे मी आकड्यानिशी म्हणू शकते.

पण इथे टाळ्या नकोत. 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' या वाक्याचा मला कंटाळा आहे. घोळाण्यात तेल आलं ते कॅरोटिनसाठी नाही. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी आणि मेथीचा कडूपणा दबावा म्हणून आलं. शिवाय दाण्याच्या कुटात फायटेट असतं, ते लोहाला अडवतं. म्हणून त्यावर लिंबू पिळा. पारंपरिक कृतीत ते असतंच असं नाही, तरी पिळा.

मग कच्च्या पानाचा हुकमी एक्का कोणता? माझं उत्तर: फोलेट. आणि ही कथा आपल्या मुंबईत घडली आहे.

ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ मध्ये मुंबईला आल्या. केंब्रिजला त्यांनी वनस्पतीशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला होता, वैद्यकी त्यानंतर. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्याकडे काम आलं ते गरोदर बायकांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचं. कापड गिरण्यांतल्या कामगार बायकांमध्ये तो दिसत होता. रक्तातल्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या. लोह देऊन फरक पडेना, तेव्हा हा नेहमीचा रक्तक्षय नव्हे. जंतू असेल अशीही शंका होती. विल्स बाईंनी जंतू शोधले, आणि सोबत बायका काय खातात हेही पाहिलं, कोणत्या थरातल्या बायका जास्त आजारी पडतात ते नोंदलं. तशाच आहारावर उंदीर ठेवले, मग माकडं. माकडांवरच्या प्रयोगात यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज घरांत पावाला लावतात तो मार्माइट, दिल्यावर रक्त सुधारलं. बायकांना दिला, त्याही बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. मार्माइटमध्ये नेमकं काय काम करतंय हे त्यांना माहीत नव्हतं. त्या द्रव्याला पुढे कित्येक वर्षं 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक गाळून, आटवून फॉलिक आम्ल, म्हणजे फोलेटच, वेगळं काढलं. परळमधल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते असं, पालकाच्या ढिगात.

हे फोलेट उष्णतेला नाजूक आणि पाण्यात विरघळणारं. पालक पाण्यात उकळला तर जवळपास निम्मं जातं, त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर. वाफवला तर फारसं जात नाही. म्हणून उकळून पाणी फेकणं ही सगळ्यात वाईट रीत. आपली ताकातली पातळ भाजी त्या मानाने बरी, कारण पाणी पातेल्यातच राहतं. कच्चं खाल्लं तर प्रश्नच नाही. पोषण संस्थेच्या आकड्यांनी ५० ग्रॅम पालकात ७० मायक्रोग्रॅम फोलेट येतं, बाईच्या रोजच्या २२० च्या जवळजवळ तिसरा हिस्सा. लोहाशी ताडून बघा. तिथे एका वाटीने काही हलत नव्हतं, इथे दोन वाट्यांच्या आतच खरोखर फरक पडतो. 'क' जीवनसत्त्वाचंही असंच, तेही उष्णतेला टिकत नाही.

पण फोलेट घरी पोचेपर्यंत उरायला हवं. पेनसिल्व्हेनियातल्या एका अभ्यासात पिशवीतला पालक ४ अंशांच्या थंडीत ८ दिवस ठेवला तर फोलेट निम्म्यावर आलं, २० अंशांत त्याला चारच दिवस लागले. याउलट अमेरिकन कृषी खात्याच्या संशोधकांना २०१० मध्ये दिसलं की दुकानाच्या दिव्याखाली सतत उजेडात ठेवलेल्या पालकात काही जीवनसत्त्वं वाढली. खुडलेलं पानही उजेड मिळाला की काम चालू ठेवतं. तरी जळगावच्या मे महिन्यात जुडी उजेडात ठेवून हा प्रयोग करू नका. सकाळी आणा, त्या दिवशी खा.

तणांतली एक भाजी मुद्दाम सांगते. घोळ. पावसाळ्यात शेतात, कुंडीत, फरशीच्या भेगेत येते, मांसल लालसर देठांची. निंदणीत उपटून बांधावर टाकतात. १९८६ मध्ये सिमोपोलस आणि सेलम यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये कळवलं की पालेभाज्यांत क्वचितच इतकं आढळणारं ओमेगा-३ स्निग्धाम्ल तिच्यात भरपूर आहे. १०० ग्रॅममागे ३०० ते ४०० मिलिग्रॅम. हे माशातलं ओमेगा-३ नाही, त्याचा वनस्पतीतला भाऊ आहे, आणि शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्यासारखा करून घेतं. तरी रानभाजीसाठी वाईट नाही. आंबटसर चव दह्यात छान लागते. ऑक्झलेट मात्र पुष्कळ, तेव्हा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून. दह्यातलं कॅल्शियम त्यातलं काही ऑक्झलेट पोटातच पकडतं, हा दह्याचा आणखी एक उपयोग.

कच्च्या पानाची दुसरी बाजू न सांगता मी बसणार नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या युमा भागातल्या रोमेनमुळे २१० माणसं आजारी पडली, पाच दगावली. कालव्याच्या पाण्यात घातक ई. कोलाय जंतू सापडले होते. इतकी व्यवस्था असलेल्या देशात हे होतं. आपल्याकडे शहरांत नाल्याच्या पाण्यावर, रुळांच्या कडेला भाजी पिकते हे सगळ्यांना दिसतं. जंतांची अंडी पानाला चिकटून येतात, आणि पट्टकृमीच्या अंड्यांनी मेंदूत गाठी होतात त्या जन्मात मांस न खाल्लेल्यांनाही. पानं सुटी करा, मोठ्या पातेल्यात तीनचारदा पाणी बदलून धुवा, धुऊन मग चिरा. चिरलेला पाला भिजत ठेवला तर फोलेट आणि 'क' त्या पाण्यात उतरतात. गरोदर बायकांना फोलेट सगळ्यात जास्त हवं असतं, दिवसाला ५७० मायक्रोग्रॅम, आणि कच्च्या पानाचा धोकाही त्यांनाच जास्त. त्यांनी भाजी वाफवून खावी आणि डॉक्टरांनी दिलेली फॉलिकची गोळी चुकवू नये. बाळाच्या मज्जारज्जूचं काम गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांत उरकतं, बऱ्याच जणींना तेव्हा कळलेलंही नसतं. म्हणून गोळी मूल हवं असं ठरल्यापासून सुरू करायची असते. ती जागा कुठल्याही पालेभाजीने भरत नाही.

आणि सभागृहात वॉरफॅरिन घेणारे कुणी असतील, हृदयाची झडप बदललेले वगैरे, त्यांच्यासाठी. हे औषध 'के' जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतं. म्हणून पुष्कळांनी धसक्याने पालेभाजी सोडून दिलेली असते. सोडायची गरज नाही. औषधाचा डोस तुमच्या नेहमीच्या खाण्यावर बेतलेला असतो, गडबड होते ती अचानक बदलाने. आठवडाभर पान नाही आणि मग गावाकडून मेथीच्या चार जुड्या आल्या म्हणून सलग घोळाणा, असं करू नका. रोज साधारण तेवढंच खा, आणि प्रमाण बदलायचं असेल तर रक्ततपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगा.